कोणाविरुद्ध तक्रार नाही

सकाळचे सहा वाजले असतील. घर अजून गप्प होतं. तेवढ्यात दाराच्या कडीत खोचलेला पेपर घसरला आणि फरशीवर फटकन पडला. मी पोट सावरत उठेपर्यंत सासूबाईंनी तो उचललासुद्धा.

“अगं बाई, ही तर तू!”

शहराच्या पानावर, अगदी वरच्या बाजूला माझा फोटो होता. सातव्या महिन्यातली मी, खाकी साडीत, टेबलामागे बसलेली, कानाला फोन. तो फोन चार दिवसांपासून बंद होता. फोटोग्राफर म्हणाला होता, नुसता धरा, छान दिसतं.

सासूबाईंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. “सुभेदारवाडीत महिनाभरात एकही सोनसाखळी चोरी नाही. महिला पोलिसांच्या गस्तीचा चोरट्यांना धसका.” मग त्या माझ्या पोटाकडे बघून हसायला लागल्या. “गस्त? या पोटानं? कधी गेली होतीस गं?”

“पेपरात आलंय म्हणजे गेले असेन.”

आम्ही दोघी हसलो. शेजारच्या काकूंना दाखवायला त्या निघाल्या आणि दारातूनच परत वळल्या.

“एकही नाही म्हणजे खरंच एकही नाही का गं?”

“हो,” मी म्हणाले आणि दूध उतू जातंय का ते बघायला आत गेले. गॅसवर दूध ठेवलेलंच नव्हतं.

मी तेव्हा सुभेदारवाडी पोलीस ठाण्यात होते. पोट दिसायला लागल्यावर साहेबांनी मला बंदोबस्तातून काढून टेबलावर बसवलं होतं. डोक्यावर पंखा, पाठीला आधार असलेली खुर्ची, बाथरूम चार पावलांवर. माझ्याबरोबर भरती झालेली एक मैत्रीण आठव्या महिन्यापर्यंत चौकात उभी होती, त्यामुळे मला या खुर्चीची किंमत ठाऊक होती. साहेब वाईट माणूस नव्हते. दर महिन्याला आयुक्तालयात मीटिंग व्हायची, पडद्यावर एकेका ठाण्याचा आलेख लागायचा आणि ज्याची रेघ वर गेली त्याला सगळ्यांसमोर उभं करायचे. आमचे साहेब लागोपाठ दोनदा उभे राहून आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी डबा उघडला नाही. संध्याकाळी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं.

“गुन्हा दाखल करू नका असं मी म्हणतोय का? नाही. लोकांना आधी नीट समजावून सांगा म्हणतोय. कोर्ट, तारखा, ओळखपरेड. गहाळचा दाखला घेतला तर त्यांचाच त्रास वाचतो.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “घुगे, तुमचं बोलणं मऊ आहे. बायका तुमचं ऐकतील. आणि टेबल जमत नसेल तर तसं सांगा. मिरवणुकीच्या बंदोबस्ताला माणसं कमीच आहेत.”

गहाळ रजिस्टर म्हणजे हरवलेल्या वस्तूंचं. कुणाचं लायसन्स पडतं, कुणाची मार्कशीट रिक्षात राहते, ते त्यात लिहायचं आणि शिक्का मारून दाखला द्यायचा. हरवणं हा गुन्हा नाही, म्हणून ते आलेखात जात नाही. त्या महिन्यात माझ्या मऊ बोलण्यानं सात बायकांच्या गळ्यातलं सोनं त्या रजिस्टरात हरवलं.

कौतिकाबाई भामरे त्यातल्या पाचव्या. फोटो छापून आला त्याच्या दहा दिवस आधी त्या आल्या होत्या.

देवळात शिरावं तशा त्या चपला बाहेर काढून आत आल्या. सत्तरीच्या असतील. हातात भाजीची पिशवी, तिच्यातून मेथीची मुळं बाहेर आलेली, आणि पदर मानेवर गच्च दाबून धरलेला.

“पाठीमागून आले गं. गाडीवर दोघं. एकानं मानेत हात घातला आन् ओढली. मला वाटलं, कोणी ओळखीचंच थट्टा करतंय.”

पदर बाजूला केला. मानेभोवती लाल वळ उठला होता आणि मागे एका ठिकाणी कातडी सोलून निघाली होती. मी प्रथमोपचाराची पेटी काढली. कापसानं जखम पुसली, मलम लावलं.

“झोंबतंय का आजी?”

“झोंबू दे. सोनं गेलं त्यापेक्षा कमीच.” त्या डोळे मिटून बसल्या होत्या. “सोन्याच्या मण्यांची एकदाणी होती, बाई. माझ्या आईनं माझ्या गळ्यात घातलेली. ती आमच्या सुनंदाला जायची होती, माझ्या लेकीला. हेमराज म्हणतो, सुनेला दे. मी म्हणते, अजून माझ्याच गळ्यात आहे ना रे, कशाला भांडता? आता कोणाच्याच नाही.”

मी मलमाचं झाकण लावलं आणि खुर्ची त्यांच्या जवळ ओढली. मऊ बोलायची वेळ झाली होती.

“आजी, आता असं आहे. चोरी लिहिली की कोर्ट आलं. तुम्हाला या वयात तारखांना बोलावतील. चोरांसमोर उभं करतील, ओळखा म्हणतील. तुम्ही चेहरा पाहिला होता का?”

“नाही गं. हेल्मेट होतं.”

“मग? त्यापेक्षा गहाळ लिहू. लगेच दाखला मिळेल. शोधायचं ते आम्ही शोधणारच.”

“गहाळ म्हणजे?”

“म्हणजे... हरवली.”

“पण मी कुठं हरवली? ओढली माझी.”

“फक्त कागदावर, आजी.”

त्यांची नजर टेबलाखाली गेली. मी बूट काढून पाय वर्तमानपत्रावर ठेवले होते.

“कितवा?”

“सातवा.”

“पाय लई सुजलेत. मीठ कमी खा.” मग आवाज बारीक करून म्हणाल्या, “चोरी लिहिली की तुला वरून बोलणी बसतात का गं?”

मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

“मग लिही बाई, हरवली. या दिवसांत तुला त्रास नको.”

मी लिहिलं. हात सरावलेला होता. बाजारातून घरी येत असताना माझ्या गळ्यातील सोन्याची एकदाणी रस्त्यात कोठेतरी पडून गहाळ झाली आहे, माझा कोणावर संशय नाही, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि सही केली. एकेक अक्षर दाबून, जीभ ओठात धरून. जाताना पिशवीतली मेथीची जुडी काढून टेबलावर ठेवली.

“रक्त वाढतं यानं.”

ती मेथी मी त्या संध्याकाळी परतून खाल्ली.

हे लिहिताना माझी लेक रेवा शेजारी झोपली आहे. मध्येच कूस बदलते आणि तिचा पाय माझ्या वहीवर येतो. तो मी हळूच उचलून बाजूला ठेवते. ती उठायच्या आत पुढचं लिहायला हवं, कारण पुढचं एकदा थांबलं की मी पुन्हा हातात घेणार नाही.

फोटो छापून आला त्याच दिवशी अकराच्या सुमारास दातीर आले. ती बातमी त्यांचीच. आमच्या भागातल्या गुन्ह्यांच्या बातम्या तेच करायचे. येताना पेढ्यांचा पुडा आणला होता.

“घुगेताई, तुम्ही तर स्टार झालात! आता उद्यासाठी बायकांच्या प्रतिक्रिया हव्यात. आता आम्ही बिनधास्त दागिने घालून फिरतो, अशा. दोन-तीन नावं द्या ना.”

“मी कुठून देऊ?”

“बरं, मी बनवतो. अहो, गंमत केली!” त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि पुढे वाकले. “पण खरं सांगा. गेल्या वर्षी याच महिन्यात अकरा होत्या. यंदा एकदम शून्य? वाढलं काय, गस्त की रजिस्टर?”

“प्रेसनोट साहेबांची आहे. त्यांना विचारा.”

“साहेबांना विचारलं तर उद्यापासून माझा इथला चहा बंद. आणि चहा बंद म्हणजे बातम्या बंद.” ते हसले. “जाऊ द्या. शून्य हा आकडा मथळ्यात फार चांगला दिसतो.”

तेवढ्यात एक माणूस तरातरा आत आला. चाळिशीचा, शाळेच्या व्हॅनवाल्यांचा निळा शर्ट, हातात गुंडाळी केलेला पेपर. त्याच्या मागे कौतिकाबाई. या वेळी चपला पायातच राहिल्या होत्या. काढायलाही सवड दिली नसावी.

मला बघून त्यांचा चेहरा उजळला. “हीच रे. या बाईनंच लिहून घेतलं.”

“मी हेमराज भामरे,” तो म्हणाला. “ही माझी आई. हिची एकदाणी गेली. घरी येऊन सांगते, चोरानं ओढली. आणि तुमचा दाखला म्हणतो, पडली. दहा दिवस घरात हेच चाललंय. माझी बायको म्हणते, सासूबाईंनी ती गुपचूप सुनंदाला देऊन टाकली. मी म्हटलं, नाही, आई खोटं नाही बोलणार, पोलिसांच्या लिहिण्यात चूक झाली असेल. आणि आज हे.” त्यानं पेपर टेबलावर उलगडला. मी, कानाला फोन लावून, माझ्याकडेच बघत होते. “महिनाभरात एकही नाही. सगळ्या सुभेदारवाडीत एकाही बाईची ओढली नाही आणि नेमकी हिचीच ओढली?”

“पण मानेला वळ होता ना रे,” कौतिकाबाई म्हणाल्या.

“वळ काय, नखानंही उठतो!” तो ओरडला. मग स्वतःच खाली बसला आणि आवाज उतरवून माझ्याशी बोलला. तो आवाज मला ओरडण्यापेक्षा जास्त नकोसा वाटला. “मॅडम, मला केस करायची नाही. सोनंही नको. फक्त एवढं सांगा, त्या दिवशी ही तुम्हाला ओढली म्हणाली होती का? म्हणाली असेल तर मी आत्ता घरी जाऊन बायकोला गप्प करतो. नसेल म्हणाली, तर सुनंदाला मी दारात उभी करणार नाही. दिवाळीला नाही, कशालाच नाही. ज्या बहिणीनं आईला खोटं बोलायला लावलं ती माझी कोणी नाही.”

“सांग बाई त्याला,” कौतिकाबाई म्हणाल्या. किती सहज म्हणाल्या. दुकानात वस्तूची किंमत विचारावी तशा.

दातीरांनी पेढ्याचा पुडा बंद केला होता. त्यांची वही गुडघ्यावर होती, पेन बोटांत. साहेबांच्या केबिनचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतला पंख्याचा आवाज मला ऐकू येत होता. माझ्या पोटात बाळानं पाय मारला.

मी रजिस्टर ओढलं. पान काढलं. बोट ठेवून वाचलं, “बाजारातून घरी येत असताना गळ्यातील सोन्याची एकदाणी रस्त्यात कोठेतरी पडून...”

“लिहिलंय ते माहीत आहे मला. बोलली काय होती?”

“भाऊ, इथं रोज वीस-पंचवीस लोक येतात. कोण काय बोललं ते सगळं कसं लक्षात राहणार? अर्जदार सांगतात तेच आम्ही लिहितो. खाली त्यांची सही आहे.”

“अगं पण,” कौतिकाबाई माझ्याजवळ आल्या, “तू माझ्या मानेला मलम लावलंस ना? झोंबतंय का, असं विचारलंस?”

मी रजिस्टरात बघत राहिले. त्या पानावर त्यांची सही होती, ‘कौतिका’तला ‘ति’ जरा मोठा आलेला.

“नाही आजी,” मी म्हणाले. “दुसरं कोणी असेल.”

हेमराज उठला. आईकडे न बघता उठला. पेपरची गुंडाळी त्यानं नीट केली, जणू काही तो सांभाळून ठेवायचा कागद होता.

कौतिकाबाई मात्र हलल्या नाहीत. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, रागानं नाही. काहीतरी शोधत. मग त्यांची नजर खाली माझ्या पोटाशी आली आणि त्यांनी जणू स्वतःशीच मान हलवली.

“असू दे हेमराज. तिच्यावर नको तापू. अशा दिवसांत बायांना आठवत नाही काही.” आणि मला म्हणाल्या, “सुजेचं बघ. मीठ अजून कमी केलं नाहीस तू.”

ते गेले. मी रजिस्टर मिटलं.

“मलम तुम्हीच लावलं होतंत,” दातीर म्हणाले.

“छापणार?”

“छापू?”

त्यांनी खरंच विचारलं होतं. आता आठवते तेव्हा कळतं, त्यांच्या हातात पेन होतं आणि ते माझ्या एका शब्दासाठी थांबले होते. मी हो म्हणाले असते तर त्यांनी छापलं असतं की नाही, ते मला माहीत नाही. मी हो म्हणाले नाही, एवढं माहीत आहे.

“सकाळीच शून्य छापलंय मी,” ते वही बंद करत म्हणाले. “दुसऱ्या दिवशी सात छापले तर संपादक मला विचारेल, काल तू झोपला होतास का?”

“सात आहेत हे तुम्हाला कसं कळलं?”

“मला कुठं कळलं? तुम्हीच सांगितलंत आत्ता. मी आपला आकडा टाकून बघितला.” ते हसले नाहीत. “पेढा घ्या ताई. कोणासाठी तरी आणलेत, संपायला तर हवेत.”

मी घेतला.

त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये साहेबांना उभं केलं नाही. टाळ्या वाजल्या म्हणे. त्यांनी मला प्रसूतीच्या रजेवर जाईपर्यंत खुर्चीवरून हलवलं नाही, आणि रेवाच्या बारशाला चांदीचा वाळा पाठवला. रजेनंतर माझी बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ठाण्यात झाली. तिथेही गहाळ रजिस्टर आहे. मी त्या टेबलावर बसायला नाही म्हणाले. कारण विचारलं तेव्हा पाठदुखी सांगितली.

भामऱ्यांचं घर सुभेदारवाडीतच होतं. रजिस्टरात पत्ता होता, आणि मला तो पाठ आहे. सहा वर्षांत मी त्या गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा गेले. एकदा रेवाला कडेवर घेऊन. काय बोलायचं ते घरून जुळवून गेले होते. कोपऱ्यावर उसाचा रस घेतला, तिला दोन चमचे पाजला आणि परत आले.

गेल्या वैशाखात आम्ही दोघी माझ्या माहेरी निघालो होतो. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत होतो. मी साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, रेवाच्या डोक्यावर माझी ओढणी. पलीकडच्या बाकावर दोन बायका शेजारी बसून एकाच डब्यातून जेवत होत्या. धाकटी मोठीला पोळीचा घास मोडून देत होती. मोठीनं मान वर केली आणि मी ओळखलं. माझ्याआधी तिनं मला ओळखलं होतं.

कौतिकाबाई उठल्या. फार वाकल्या होत्या. बाकाला, खांबाला धरत आमच्यापर्यंत आल्या.

“तू त्या ठाण्यातली पोलीसबाई ना गं?” मग रेवाकडे बघून त्यांचं सगळं तोंड हसलं. “तेव्हा पोटात होती ती हीच का? केवढी झाली! ये गं, नाव काय तुझं?”

“रेवा,” रेवा म्हणाली.

“ही माझी सुनंदा,” त्यांनी मागे हात केला. ती धाकटी डब्याचं झाकण लावून उभी राहिली होती, हात पदराला पुसत. “घरी येऊ देत नाहीत ना तिला. म्हणून महिन्यातून एकदा इथंच भेटतो आम्ही. ती डबा आणते. सुनंदा, अगं, हीच ती. हिनंच माझ्या मानेला मलम लावलं होतं. हिला ठाऊक आहे सगळं.”

सुनंदा पुढे आली. माझ्याच वयाची असेल. तिनं मला नमस्कार केला नाही, काही मागितलंही नाही. नुसती उभी राहिली, दुकानाचं शटर उघडायची वाट बघावी तशी. गाडीला अजून दहा मिनिटं होती. हेमराजचा नंबर तिच्याजवळ असणार. एक फोन, दोन वाक्यं.

“तुमची चूक होतेय आजी,” मी म्हणाले. “मी नाही ती. मी पोलिसात नाही.”

कौतिकाबाईंनी माझ्याकडे बघितलं. पहिल्या वेळेसारखंच शोधत. पण या वेळी त्यांना फार वेळ लागला नाही.

“नसंल,” त्या म्हणाल्या. “घरचे म्हणतातच, तुला आता कोणीही कोणासारखं दिसतं. मलमाचंही मीच मनानं धरून बसली असंल.” त्यांनी रेवाच्या गालाला हात लावला, बोटं स्वतःच्या कपाळाशी नेऊन कडाकडा मोडली. “सुखी राहा गं.”

सुनंदानं त्यांना दंडाला धरून बाकाकडे नेलं. जाताना तिनं एकदाच वळून बघितलं, आणि आईची चूक झालेली नाही हे तिला कळलंय, ते मला तिच्या डोळ्यांत दिसलं. मी बॅग उचलली. लागलेली पहिली गाडी कुठली ते न बघताच रेवाचा हात धरून चालायला लागले. रेवा मागे रेंगाळत होती. तिनं माझा हात खाली ओढला, मला वाकायला लावलं आणि कानाशी येऊन, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं,

“आई, तू पोलीस नाहीस का गं?”